डाव्या हाताचा हिवाळा

चंपाषष्ठी झाली की आमच्याकडे वांग्यांना किंमत येते. चातुर्मासात वांगं खायचं नाही, हे मी अजून पाळते. का पाळते ते विचारू नका, मलाही सांगता येणार नाही. षष्ठीनंतर मात्र अंगणाअंगणात पऱ्हाट्या पेटतात. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उभी राहतात, त्या पऱ्हाट्या. त्यांच्या जाळावर भरताची मोठी हिरवी वांगी भाजायची, साल काढायची आणि लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची. धूर लुगड्यात शिरतो तो धुतल्यावरही निघत नाही. हा वास आला की लोकांना भूक लागते. मला माझ्या लेकीचा हात आठवतो.

पऱ्हाटीला कधी कधी एखादं न उमललेलं बोंड राहिलेलं असतं. जाळात पडलं की फट् करून फुटतं. परवा शेजारच्या अंगणात असंच फुटलं आणि मी हातातलं ताट खाली ठेवलं. बाकीच्या बायका हसल्या. हसू द्या. पिस्तुलाचा आवाज त्यांनी ऐकलेला नाही, मी ऐकलेला आहे. आख्खा एक हिवाळा ऐकला.

रत्ना माझी धाकटी लेक. पोलिसात शिपाई म्हणून लागली, पुढे परीक्षा देऊन फौजदार झाली. लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्यावर इथे काही लिहायचं नाही. नोकरी धुळ्याला, राहणं पोलीस वसाहतीतल्या दोन खोल्यांत. मी इकडे अमळनेरजवळच्या आमच्या गावात. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. तिच्या कामातलं मला फार कळत नव्हतं, आणि कळून घ्यावं असं वाटतही नव्हतं. वर्दी इस्त्रीची दिसली की मी समाधानी असायची.

नदीतली वाळू चोरून नेणारे ट्रॅक्टर आमच्या भागात नवे नाहीत. पहाटे निघतात, त्यांना दिवे नसतात आणि मागेपुढे बघायची सवयही नसते. दिवाळीच्या थोडं आधी अशाच एका पहाटे रत्ना दोन शिपाई घेऊन नदीकाठच्या रस्त्यावर उभी होती. ट्रॅक्टर आला. तिने उजवा हात वर केला. थांब म्हणून हात वर करायचा, हे त्यांना शिकवतात. समोरचा थांबणार, असं धरूनच शिकवतात. हा थांबला नाही. ती बाजूला उडी मारायला गेली, पडली, आणि ट्रॉलीचं चाक तिच्या उजव्या हातावरून गेलं. पिस्तूल कमरेला तसंच राहिलं. म्यानाचं बटणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

दवाखान्यात अंगठ्याजवळचं बोट आणि मधलं बोट काढून टाकलं. अंगठा राहिला, पण लाकडासारखा. उरलेली दोन बोटं आपली नावाला. शुद्धीवर आली तेव्हा मी शेजारी बसले होते. घरात आम्ही आमच्या बोलीतच बोलतो, इथे सगळं तसं लिहीत नाही. मी विचारलं, "हात ते गया. आते काय करशी?"

तिने छताकडे बघतच उत्तर दिलं, "दुसरा शे ना."

दुसरा आहे ना, म्हणे. मला तेव्हा वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलते आहे.

गावात बातमी पोचल्यावर लोक दवाखान्यात भेटायला आले, तसे बोलायलाही आले. आमच्या गल्लीत सुमन म्हणून एक बाई आहे, तिला मनातलं पोटात ठेवता येत नाही. हळदीचं दूध घेऊन आली आणि ते माझ्या हातात द्यायच्या आधीच म्हणाली, "अक्का, पिस्तूल काय दखाडाले व्हतं का? काढताच उनं नही का वं तिले?"

"तू असतीस तर काढलं असतंस?" मी विचारलं.

"मी कसाले जासू तठे? माले काय याड लागनं का?"

"मग दूध ठेव आणि जा."

ती गेली, पण बोलणं राहिलं. कारण तोच प्रश्न मलाही पडला होता, आणि रत्नाला तर नक्कीच पडला होता. जखम भरत आल्यावर तिच्या वरच्या साहेबांनी सांगितलं की डाव्या हाताने गोळी चालवून चाचणी पास झालीस तर पुन्हा बाहेरचं काम, नाही तर टेबल. टेबल म्हणजे कार्यालयात बसून टपाल बघायचं. पगार तोच, खुर्ची, वर पंखा. मला हे देवानेच दिल्यासारखं वाटलं. टेबलाशी बसलेल्या बाईच्या अंगावर ट्रॅक्टर येत नाही.

ती म्हणाली, "मी चाचणी देणार."

मी तिचे केस विंचरायला म्हणून धुळ्याला गेले. खरंच तेवढ्यासाठीच गेले होते. एका हाताने वेणी घालता येत नाही, आणि वर्दीवर मोकळे केस चालत नाहीत. रोज सकाळी ती पाटावर बसायची, मी मागे बसून अंबाडा घालायची, वर जाळी, मग टोपी. लहानपणी ती केस ओढले की ओरडायची. आता ओढले तरी गप्प. धुळ्याची सकाळची थंडी कोरडी असते, ओठ फुटतात, कपाळाला तेल लावावं लागतं. तिच्या उजव्या हाताला मी तेल लावत होते तेव्हा तिथली कातडी मला गार लागायची. जिवंत माणसाच्या अंगावर मेलेली जागा कशी असते, ते मला त्या हिवाळ्यात कळलं.

डावा हात तिचा पहिल्यापासून मागे राहिलेला. पाणी भरणं, धरून ठेवणं, एवढीच त्याची कामं. तो घास तोंडापर्यंत नेताना वरण सांडायचा. सही करायला गेली तर अक्षर पहिलीतल्या पोरासारखं. तिने त्याला कामाला जुंपलं. कुलूप लावायचं डाव्याने, भांडी घासायची डाव्याने, दात घासायचे डाव्याने. वरवंटा उचलून हात सरळ पुढे धरायची आणि भिंतीवरच्या एका डागाकडे बघत उभी राहायची. आधी मनगट थरथरायचं, मग कोपर, मग खांदा. खांदा थरथरला की मी म्हणायची, "ठेव आता, फरशी फुटेल." ती ठेवायची नाही.

दिवसा कधी सरावासाठी दिलेलं रिकामं पिस्तूल घरी आणायची. आधी मला उघडून दाखवायची, आत काही नाही म्हणून. मग नळीच्या वर झाडलेल्या गोळीची एक रिकामी पुंगळी उभी ठेवायची आणि घोडा ओढायची. पुंगळी पडली की चूक. ती पडायचीच. पितळेची पुंगळी फरशीवर पडली की टिणटिण करत कॉटखाली जायची, आणि मी झाडू घालून ती बाहेर काढायची. आमचा दिवस असा जात होता.

पुढे गावात लोक सांगू लागले की रत्ना लहानपणी दोन्ही हातांनी कापूस वेचायची, म्हणून तिला ते जमलं. ऐकायला बरं वाटतं. खोटं आहे. कापूस मीही दोन्ही हातांनी वेचते, गावातल्या सगळ्या बायका वेचतात, पण म्हणून कोणाच्या हातात पिस्तूल देत नाहीत. कापसाला हात घाईचा लागतो. यात घाई केली की गोळी खाली जाते, असं तिचे उस्ताद सांगायचे. ती शिकली ती मार खाल्ल्यासारखी, रोज थोडं थोडं. त्यात गोड काही नव्हतं.

उस्ताद म्हणजे गोळीबार शिकवणारे एक जुने हवालदार, निवृत्तीला आलेले. धुळ्याबाहेर टेकडीच्या पायथ्याशी मातीचा उंच बांध होता, त्याच्यापुढे माणसाच्या आकाराचे पुठ्ठे उभे करत. मला आत सोडत नसत. मी रत्नाला न्यायला येणाऱ्या गाडीतून डबा घेऊन जायची आणि फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसायची. तिथून दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं यायचं. आवाज झाला की टेकडीवरून एकदा परत यायचा. पहिल्या दिवशी मी कानात पदराचे बोळे घातले. नंतर काढून टाकले. माझी लेक तिथे काय करते आहे ते मी ऐकणार नाही, तर बसायचं कशाला?

जेवायच्या वेळी उस्ताद बाहेर यायचे. षष्ठीनंतर मी भरीत न्यायला लागले; ते आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी त्यांना फार आवडायची. ते विदर्भाकडचे होते.

"अक्का, यात तेल किती घालता?"

"तुम्ही खा. मोजलं तर घशाखाली उतरणार नाही."

एकदा रत्ना आत हात धूत होती तेव्हा मी त्यांना विचारलं, "नापास होईल का?"

"काळजी करू नका अक्का. मेहनती आहे पोरगी."

"काळजीचं नाही विचारत. होईल का, ते विचारते."

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "आईबाप येतात ना इथे, ते पास करा म्हणून मागे लागतात."

"त्यांची लेकरं त्यांच्यापाशी. मी माझं विचारते."

"सध्या तरी नापासच," ते म्हणाले. "गोळ्या सगळ्या एका बाजूला जातात. हात तिचा डावा झाला, डोळा अजून उजवाच आहे."

मला त्यांचं बोलणं कळलं नाही, म्हणून त्यांनी तिथेच करून दाखवलं. लांबच्या विजेच्या खांबाकडे बोट धरायला सांगितलं, मग एकेक डोळा मिटायला. एका डोळ्याने बोट खांबावर राहिलं, दुसऱ्याने बाजूला सरकलं. म्हणाले, माणसाचा एक डोळा मालक असतो आणि एक नोकर. हात बदलला तरी मालक बदलत नाही, त्याला गप्प बसवावं लागतं.

गप्प कसं बसवायचं, तर रत्नाने एका साध्या चष्म्याच्या उजव्या काचेवर काळी चिकटपट्टी लावली आणि तो चष्मा घालून घरात वावरू लागली. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. चहा कपाच्या बाहेर ओतायची. वसाहतीतल्या एका हवालदाराच्या बायकोने तिला गॅलरीत पाहिलं आणि माझ्याकडे येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "अहो आजी, हात गेला तो गेला, आता डोळाही?"

"मोतीबिंदू आहे," मी म्हणाले.

"या वयात?"

"आमच्याकडे लवकर पिकतात."

रत्ना आत हसली. त्या हिवाळ्यात मी तिला हसताना ऐकलं ते तेवढंच. हसली आणि लगेच तिचं डोकं फळीला आपटलं.

चंपाषष्ठीला आम्ही गावी आलो होतो. आमच्या भाऊबंदांत खंडोबाची तळी भरतात. ताटात खोबरं, भंडारा, पानसुपारी ठेवून पुरुष माणसं ते ताट सगळी मिळून उचलतात, देवाचा गजर करतात, आणि मग प्रसाद वाटतात. भंडारा म्हणजे हळद. माझे मोठे दीर, सगळे त्यांना आबा म्हणतात, ते वाटत होते. रत्नासमोर आले तेव्हा तिने डावा हात पुढे केला. त्यात मुद्दाम काही नव्हतं. घरात जी सवय लावली होती, तीच पुढे आली.

आबा थांबले. "उजवा कर, बेटा. देवाचं आहे."

बोलायला वाईट माणूस नव्हे. हात त्यांनाही दिसत होता. पण प्रसाद उजव्यातच घ्यायचा, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की समोर काय आहे ते डोळ्यांपर्यंत पोचलंच नाही. रत्नाने शालीतून उजवा हात काढला आणि पुढे केला. आबांनी त्यावर भंडारा घातला. जिथे बोटं नव्हती तिथून तो सगळा खाली गेला, तिच्या पायांवर आणि माझ्या पाटावर. खोबऱ्याचा तुकडा अंगठ्याला टेकून राहिला, मग तोही पडला.

आबांचं तोंड उतरलं. "राहू दे, राहू दे," म्हणाले.

"का राहू दे?" रत्ना म्हणाली. खाली वाकली, डाव्या हाताने खोबरं उचललं, फुंकलं आणि खाल्लं. मग डावाच हात पुन्हा त्यांच्यापुढे धरला. "आता घाला."

त्यांनी घातला.

मी त्याच वेळी मनात देवाकडे मागत होते की हिला नापास कर. आजही मागेन. आईने लेकीसाठी काय मागावं याचे नियम ज्यांच्या लेकी घरी बसून असतात त्यांनी ठरवलेले आहेत.

मला दुसरीही एक भीती होती. ट्रॅक्टरवाला जामिनावर सुटला होता. नदीपलीकडच्या गावचा, तरणाताठा, लग्न झालेला. ट्रॅक्टर दुसरा, रस्ता तोच. रत्नाला तो कुठे राहतो, कुठे चहा पितो, सगळं माहीत होतं. तिचं कामच ते. वरवंटा धरून ती भिंतीवरच्या डागाकडे बघायची तेव्हा मला वाटायचं, हिला तिथे डाग दिसतो की आणखी काही?

एकदा अंबाडा घालताना मी विचारलं, "हे कोणासाठी शिकतेस?"

"माझ्यासाठी."

"माणूस कोणता, ते विचारते मी."

"पुठ्ठ्यासाठी शिकते, माय. जाळी नीट लाव, मागच्या वेळी सुटली."

चेहरा तिचा पुढे होता, मला दिसला नाही. लेकीच्या मागे बसून केस विंचरायचे त्यात एवढं एक वाईट आहे.

पुढे पुढे फाटकाबाहेर बसून मला आवाजातला फरक कळायला लागला. आधी दोन आवाजांत कितीतरी वेळ जायचा, कधी मध्येच उस्तादांचं ओरडणं ऐकू यायचं. नंतर आवाज सारख्या अंतराने येऊ लागले. मला कोणी सांगायला नको होतं. ज्या दिवशी ते अगदी सारखे आले, त्या दिवशी मी न जेवताच डब्याचं झाकण लावलं.

ती चाचणी पास झाली. उस्ताद फाटकातून हसतच बाहेर आले. "अक्का, पेढे!"

"आणले नाहीत," मी म्हणाले. खरंच आणले नव्हते. त्यांना काय ते समजलं. डबा मागून घेतला, खाली बसून जेवले, आणि जाताना एवढंच बोलले, "पोरगी तुमच्यावर गेली आहे." चांगलं म्हणून बोलले की वाईट म्हणून, ते मी विचारलं नाही.

पुठ्ठ्यावर जो कागद लावतात तो रत्नाने घरी आणला होता. दुपारची वेळ होती. तिने तो फरशीवर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. एक काळा माणूस, तोंडाला नाक-डोळे नाहीत, हात खाली सोडलेले. भोकं सगळी छातीत. मी वाकून बघितलं. कागदावरचा असला तरी माणूसच तो, असा जमिनीवर पडलेला बघून मला बरं वाटेना.

मी विचारलं, "पायाला एकही नाही?"

कारण मला इतकं माहीत होतं. तिनेच मागे कधी सांगितलं होतं की पोलिसाने गोळी चालवायची वेळ आली तर कमरेच्या खाली मारायची. माणूस पडला पाहिजे, मेला नाही पाहिजे. तेव्हा ती उजव्या हाताने गुडघा म्हटला तर गुडघ्यावर मारायची. त्याचं बक्षीस म्हणून मिळालेला पेला अजून आमच्या फडताळात आहे.

ती ताटावर बसली होती. डाव्या हाताने भाकरी मोडत म्हणाली, "चाचणीत छातीवरच मारायची असते."

"आणि खऱ्याखुऱ्यात?"

तिने घास खाल्ला. पाणी प्यायली. मग म्हणाली, "सरावात पायावर मारून बघितलं मी. रोज शेवटी बघायचे. एकही लागली नाही, सगळ्या मातीत. या हाताला तेवढं बारीक जमत नाही, माय. उस्ताद म्हणाले, आता जमणारही नाही. या हाताला छातीच जमते. ती मोठी असते."

"मग समोर कोणी आला तर?"

"एक तर पिस्तूल काढायचं नाही." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "नाही तर काढायचं."

"मधलं काही नाही?"

"मधलं उजव्या हातात होतं."

असं म्हणाली आणि भरीत मागून घेतलं. मी वाढलं. त्यानंतर दोघी जेवलो. ट्रॅक्टरवाल्याचं नाव तिने घेतलं नाही, मी घेतलं नाही. मला भीती वाटत होती की हिच्या मनात खून आहे. खून नव्हता. असता तर मी तिला चार शिव्या दिल्या असत्या, पायाशी पडले असते, काहीतरी केलं असतं. हिच्या मनात काही नव्हतं आणि हातात हे होतं. त्याला मी काय करणार?

पुढच्या आठवड्यात तिचं पिस्तूल तिला परत दिलं. कातडी म्यान तिने डाव्या कमरेला लावून घेतलं. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं, ते मीच दाभणाने पाडून दिलं. मग ती पुन्हा नदीकाठच्या रस्त्यावर जाऊ लागली, आणि मी गावी परत आले. केस तिने कापून टाकले होते, माझं काम उरलं नव्हतं.

त्याला आता काही वर्षं झाली. तिने अजून ते कोणावर काढलेलं नाही. काढलं तर मला सांगेल की नाही, ठाऊक नाही. हिवाळ्यात चार दिवस मी तिच्याकडे जाते. सुट्टी असली की ती मला बाजारात नेते. धुळ्याच्या बाजारात गर्दी असते, माणसं अंगावर येतात, ती माझ्या डाव्या बाजूने चालते, डावा हात मोकळा ठेवून. मी वांगी बघायला वाकते आणि उठताना समोर जो असतो त्याच्या छातीवर माझी नजर जाते. कोणाच्या खिशाला पेन असतं. कोणाचं वरचं बटण तुटलेलं असतं. कोणी थंडीने दोन्ही हात छातीवर बांधून उभा असतो. मागच्या खेपेला एकाने पेंगुळलेलं लेकरू छातीशी धरलं होतं, त्याच्या लाळेने शर्ट भिजला होता, आणि तो मला हसून म्हणाला, "आजी, पुढे व्हा ना, वाट द्या."

मी हलले नाही. रत्नाने मला कोपराला धरून बाजूला घेतलं. माणसाची छाती एवढी मोठी असते, हे इतक्या वयात मला कधी दिसलं नव्हतं.